फौजदाराला भूक लागेना

त्या बेटावर जायला किनाऱ्यावरून होडीनं फारसा वेळ लागत नाही. पण लाज वाटली तर तोंड लपवायला तिथं अजिबात जागा नाही, हे मी अनुभवानं सांगते. एक वड, वडाखाली शेंदराचा देव, चार-दोन काळे खडक आणि सगळीकडून समुद्र. तुम्ही गेला नसाल तर जरूर जा. फक्त जाताना पोटात काही ठेवून जा, आणि बरोबर कोंबडा असेल तर त्याच्या पोटात काही ठेवू नका.

साल अठ्ठ्याहत्तर का एकोणऐंशी, नक्की आठवत नाही. वाशीला नवी वसाहत उठत होती आणि आमच्या बोनकोड्याच्या शेतांत भाताऐवजी विटांचे ढीग उगवत होते. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. माहेर पेणचं, मॅट्रिक पास. मॅट्रिकचं ते 'पास' मी तेव्हा कपाळावर कुंकवासारखं लावून फिरत असे. वाशीला शिवणक्लासला जायची. तिथल्या बाई पुण्याच्या, डोळ्यांवर काळा गॉगल, बोलणं इस्त्री केलेलं. त्यांनी एकदा विचारलं, "तुमच्याकडे अजून ते कोंबडी-बकरी वगैरे चालतं का हो?" मी मान उडवून म्हटलं, "छे! आमच्या घरी असलं काही नसतं."

त्याच वेळी घरी माझ्या सासूनं परसात टोपलीखाली कोंबडा आणून ठेवला होता.

सासूला आम्ही 'आय' म्हणत असू. तिचा नवस होता. माझी थोरली जाऊ हिरा, तिला मी वयनी म्हणायची. तिची आधीची मुलं जगली नव्हती. किती, ते घरात कोणी बोलत नसे, मीही कधी विचारलं नाही. हा मुलगा पोटात असताना आयनं बेटावरच्या देवाला सांगून ठेवलं होतं, पोर जगलं तर कोंबडा घेऊन येईन आणि तुझ्यासमोरच त्याचं नाव ठेवीन. पोर जगलं. रांगायला लागलं, दोन दात आले, तरी त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला 'पावना' म्हणत. पाहुणा. आपलं म्हटलं की नजर लागते, त्यापेक्षा आलाय चार दिवस, बसू दे. वयनीसुद्धा त्याला 'पावना' म्हणूनच हाक मारी, आणि मारताना त्याच्याकडे पुरतं बघत नसे.

कोंबड्याला मात्र मी लगेच नाव दिलं. तुरा तिरपा, चाल अशी की आत्ता कुणाला तरी चौकीवर बोलावणार. फौजदार! नवसाला जाईपर्यंत त्याला सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. तांदळाची कणी, सुका जवळा, भाकरीच्या कडा, आमच्या पानातलं जे चांगलं ते त्याच्या टोपलीखाली जाई. हे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "मला एवढं वाढत नाहीस." मी म्हणायची, "तुम्ही एवढे रुबाबदार दिसत नाही."

बोनकोडे ते किनारा

निघायच्या आदल्या संध्याकाळी आयनं बजावलं, "पोरी, उंद्या सकालपासून कोंबऱ्याला कायपन घालू नको."

"का हो आय?"

"देवाचा हाय तो."

एवढंच. आता हे उत्तर आमच्या गावात जन्मलेल्या कुणालाही पुरलं असतं. पण मी पेणची. आमच्या माहेरी देवाला नारळ फोडतात, फार तर कोंबडं नेतात आणि कापून आणतात, त्याला कोणी काही विचारत बसत नाही. मला वाटलं, म्हातारीची अंधश्रद्धा! मुका जीव, त्याचा शेवटचा दिवस, आणि उपाशी? शिवणक्लासच्या बाई काय म्हणतील! बाईंना ह्यातलं काही कळणारच नव्हतं, तरी मी त्यांचं तोंड डोळ्यांसमोर आणून रागावून घेतलं. तांबडं फुटायच्या आधी उठले आणि फौजदाराला जवळा-भात कालवून घातला. भरपेट.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. शेत गेल्यावर त्यांनी विटा वाहायला टेम्पो घेतला होता. त्यातच आम्ही निघालो. फळीवर विटांची लाल भुकटी. मी अबोली रंगाची नायलॉनची साडी नेसलेली, ती पनवेलच्या रस्त्याला लागेपर्यंत भाजलेल्या मातीच्या रंगाची झाली. आयचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट, तिला काही झालं नाही. वयनी कोपऱ्यात पोराला छातीशी धरून बसलेली. फौजदार माझ्या मांडीवर, पायाला सुतळी. वाटेत बेलापूरला आयच्या भावानं टेम्पो थांबवून कैऱ्या दिल्या, पोराच्या गालाला हात लावला, "नाव काय ठेवता ते सांगा गो येताना," म्हणाला. हे मामा लक्षात ठेवा. पुढं ते मरणार आहेत.

खाडीच्या कडेनं मिठागरं पांढरी लखलखत होती. सगळे तिकडं बघत होते तेव्हा मी पदराआडून फौजदाराला भाकरीचा तुकडा दिला. तो बघत होता माझ्याकडे. काय करणार?

उरणच्या पुढं तो किनारा. तेव्हा तिथं सुरूचं दाट बन, कोळ्यांची वस्ती आणि नुकतंच उघडलेलं एक हॉटेल, त्याला लोक रिसॉर्ट म्हणायला शिकत होते. छत्र्या, खुर्च्या, ट्रान्झिस्टर. आपल्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून नुसतं बसायला माणसं लांबून येतात, ह्याचं आयला फार नवल. "ह्यांच्या घरान बसाला जागा नाय का?" तिनं मोठ्यानं विचारलं. मी हसू दाबून वर बघितलं, आणि माझं हसू तिथंच वाळलं.

छत्रीखाली काळा गॉगल. शिवणक्लासच्या बाई! वसाहतीतल्या दोघी-तिघी मैत्रिणींबरोबर सहलीला आलेल्या.

मी पदर ओढला तो थेट हनुवटीपर्यंत. मागून हे म्हणाले, "काय झालं? ऊन लागतंय?" म्हटलं, "हो, फार." काखेत फौजदार होता, त्यानं त्याच क्षणी मान वर करून बांग दिली. सगळा रिसॉर्ट वळून बघायला लागला. मी चेहरा झाकून, कोंबडा उघडा ठेवून, वाळूतून तुरुतुरु चालत होडी गाठली. मला वाटलं, आजच्या दिवसाची सगळी लाज इथंच संपली. एवढीशी अक्कल होती मला.

होडीत

होडी पांडू नाखव्याची. देवाला जायचं असलं की आमच्या घरचे त्याच्याच होडीनं जात. त्यानं आधीच सांगितलं, "पानी वसरायच्या आदी परत फिराचं. मंग खडकाव होडी बसली की बसली. पोराला घेऊन रातभर बसाल दगरावर."

आय म्हणाली, "आमचा काय टाइम लागतंय? कोंबरा टिपंल, नाव ठेवू, खाऊ, येवू."

'टिपंल' हा शब्द मी ऐकला. विचारायला हवं होतं, काय टिपेल? पण मॅट्रिक पास बाई विचारत नसते.

समुद्र त्या दिवशी ताटातल्या पाण्यासारखा होता. मागं किनारा बारीक होत गेला, सुरूची रेघ राहिली, मग तीही निळी झाली. आम्ही कैरी-मीठ खाल्लं, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्ली. सगळे खातात आणि एकटा उपाशी बघतोय, हे मला पाहवेना. पदराच्या आत हात घालून मी फौजदाराला चटणीभाकरी भरवली. तिखट होती. त्यानं आवडीनं खाल्ली.

वयनी काही खात नव्हती. मी म्हटलं, "वयनी, भाकरी घ्या ना."

"नाव ठेवल्यावर," ती म्हणाली. मग पाण्याकडं बघत, "तुज्या माहेरान असा काय असतंय का गो?"

"नाही. बारसं करतात बाराव्या दिवशी आणि मोकळे होतात."

"बरा हाय," ती म्हणाली. पावना तिच्या बोटाला चावत होता. तिनं बोट काढून घेतलं नाही.

देवापाशी

देव म्हणजे गुडघ्याएवढा दगड, शेंदराचे थर चढून चढून त्याला पोट सुटलेलं. वडाच्या पारंब्यांना नवसाच्या चिंध्या. वारा एवढा की दिवा लागेना, शेवटी दादांनी शर्टानं आडोसा केला. आयनं देवाला हार घातला, बाटली ठेवली, आणि समोर केळीच्या पानावर तांदळाची रास घातली. तांदळाला कुंकू लावलं. मग म्हणाली, "सोर कोंबऱ्याला."

मी फौजदाराला पानासमोर ठेवला. सुतळी हातात.  आय म्हणाली, "आता टिप रं बाबा."

तेव्हा मला कळलं. आमच्या घरचा देव कोंबडा असाच घेत नाही. कोंबड्यानं स्वतःहून तांदूळ टिपले तर देवानं नवस मान्य केला. नाही टिपले तर घरात कुणाचं तरी काहीतरी देवाकडं राहिलंय. ते आधी बोलून मोकळं करायचं. आणि ह्यासाठी कोंबडा सकाळपासून उपाशी.

फौजदारानं तांदूळ पाहिले. डोळा मिटला. साहेबानं अर्ज वाचून बाजूला ठेवावा तसं तोंड फिरवलं.

आयनं त्याच्यावर पाणी शिंपडलं. त्यानं पंख झाडले, आणि तो खाली बसला. ज्या जनावरानं इतके दिवस समोरचा एक दाणा सोडला नव्हता, त्यानं आज तीनदा जेवून झोप काढायची ठरवली होती.

"ऱ्हायलंय," आय म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "घरान कायतरी ऱ्हायलंय. ज्याचा असंल त्यानं बोला."

मी बोलणार होते. खरंच. पण आत कुणीतरी म्हणालं, थांब, भूक लागेल त्याला एवढ्यात. सुनेनं पहिल्याच नवसात देवाचा कोंबडा उष्टा केला, हे सांगायचं कसं? मी सुतळीला गाठी मारत बसले.

दादा पुढं झाले. मान खाली. "आय, बाटलीन आर्दी दारू हाय, आर्दा पानी."

"कला रं?" आयनं विचारलं, कशाला म्हणून.

"परवा मी प्यालो. थंडी होती."

"चैतान थंडी?"

"रातची."

आयनं बाटली उचलून उजेडात धरली, पुन्हा ठेवली. "देवा, पोराला माफ कर. पुऱ्या बाटलीचा ऱ्हायला." पान पुढं सरकवलं. फौजदारानं नखानं कान खाजवला.

मग ह्यांनी घसा साफ केला. हे नव्या वसाहतीत कारकून होते, हापिसात शुद्ध बोलत, आयशी गावचं आणि देवासमोर दोन्हीच्या मधलं. "आय, मला रजा देत नव्हते. मी सांगितलं... मामा वारला."

"कनचा मामा?"

"मामा एकच हाय, आय."

"माजा भाऊ?" आय दोन पावलं पुढं आली. "आरं, सकाली त्यानं कैऱ्या दिल्या! त्या कैऱ्या तू खाल्ल्यास! मेल्याच्या हातच्या?"

"रजेच्या अर्जातच वारलाय, आय. तसा बरा हाय."

नाखवा होडीजवळून ऐकत होता, तो एवढा हसला की त्याला खडकाला धरावं लागलं. मीही हसले असते. पण गाठी मारून सुतळी संपत आली होती.

तांदूळ पुढं. फौजदार ढिम्म.

आता आय स्वतःच देवासमोर बसली. हात जोडले. बराच वेळ ओठ नुसते हलले, मग म्हणाली, "बरा. माजा पन हाय. तुला सांगला तवा वांद्र्याच्या माउलीला पन मेनबत्ती बोल्ली व्हती. आनी पिराला चादर. तुम्हाला तिगांना एकाच कामाला लावला. कोन पावला ता मना काय ठावा? तिगांचा देतंय, देवा, कोनाचा ठेवीत नाय. रागावू नको."

फौजदार उठला.  तो तांदळाजवळ गेला, रास ओलांडली, आणि पानाच्या कडेनं आयकडं पाठ करून पुन्हा बसला.

समुद्राचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. घरातलं कोण उरलं होतं? मी आणि वयनी. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. शप्पथ, जिभेच्या टोकावर होतं. मी पदर सारखा केला. केवढा तो वेळ लागतो पदर सारखा करायला.

वयनी म्हणाली, "माजा हाय."

ती उभीच होती, पोर कडेवर. देवाकडं नाही, जमिनीकडं बघत बोलली. "पावना पोटान व्हता तवा. सातवा लागला व्हता. मी एकलीच रातची बोल्ली देवाला. बोल्ली, ह्यो पन न्यायाचा असंल तर आताच ने. मना सवय लावू नको."

 दादा तिच्याकडं बघत राहिले, जणू ही बाई त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. पोरानं तिच्या मंगळसूत्राचा मणी तोंडात घातला होता.

"मीच बोल्ली," वयनी पुन्हा म्हणाली, "म्हनून तो घेत नाय."

मी ओरडले. "मी त्याला चारलंय!"

सगळे वळले. मी कोंबड्याकडं बोट दाखवलं, जसं काही दुसरं कुणी खाल्लं असेल. "फौजदाराला. मी खायला घातलं, आय. जवळा-भात. पोटभर."

"कवा?"

"सकाळी. मग टेम्पोत भाकरी."

"आनी?"

"होडीत चटणी."

आयनं वाकून फौजदाराला उचललं, त्याच्या गळ्याखालची थैली चाचपली. "दगर झालाय, दगर! ह्याला आता परवा भूक लागंल!"

दादांना आधी समजेना. मग समजलं. "म्हंजे... मंग मी कला बोल्लो?"

"आणि मी मामाला फुकट मारला," हे म्हणाले.

त्यांना हसू फुटलं, नाखवा तर वाळूत बसलाच, आयसुद्धा तोंडाला पदर लावून थरथरायला लागली. हसली नाही ती वयनी. तिनं पोराला खांद्यावर टाकलं आणि खडकांच्या पलीकडं निघून गेली. तिची पाठ मला अजून दिसते. बाकी सगळ्यांचे शब्द हसून परत घेता येण्यासारखे होते. तिचा शब्द तिनं एवढे महिने कुणाला दिला नव्हता, तो माझ्या चटणीभाकरीनं बाहेर काढला. आणि मी एका वाक्यानं उशीर केला. एकाच.

बेटाच्या मागल्या बाजूला

नाखवा वर आला. "आय, पानी हाय अजून. पन लय नाय. ह्याला भूक लावाची तर पळवा."

"कोन पळवंल?" आय म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

ह्यापुढचं प्रवासवर्णन मी धावत केलेलं आहे, त्यामुळं बेटाचं वर्णन जरा तुटक होईल. पश्चिमेला खडक आहेत आणि ते फार निसरडे आहेत. उत्तरेला निवडुंग आहे, तो नायलॉन धरून ठेवतो. मधल्या टेकाडावरून समुद्र फार सुंदर दिसतो म्हणतात. मला एका कोंबड्याचं शेपूट दिसलं. सुतळी हातातून सुटली, तशी मी दोन्ही हातांत साडी धरून "हुश्! हुश्!" करत पळत होते, आणि फौजदार पंख अर्धे उघडून, पोट हलवत, मला शिव्या देत पुढं पळत होता. वयनी एका खडकावर पाठमोरी बसली होती, तिच्या मागून आम्ही दोघं दोनदा गेलो. ती वळली नाही.

तिसऱ्या खेपेला टेकाडाच्या वळणावर मी थेट एका काळ्या गॉगलवर जाऊन आदळले.

रिसॉर्टवाल्यांनीही होडी केली होती. शिवणक्लासच्या बाई चटई पसरून, डबा उघडून बसलेल्या. माझा पदर कुठं होता देव जाणे. लपवायला तोंड होतं, झाकायला काही नव्हतं.

"अगं, तू!" बाई म्हणाल्या. "ही शर्यत आहे का काही?"

"व्यायाम," मी धापा टाकत म्हटलं.

"कोंबड्याचा?"

एवढ्यात त्यांच्या मैत्रिणीनं, मोठ्या प्रेमानं, एक ग्लुकोजचं बिस्किट मोडून फौजदारापुढं धरलं. तो थांबला. मान वाकडी केली. मॅट्रिक पास सून, जिच्या घरी असलं काही नसतं ती, मी सूर मारला. बिस्किट आणि त्या मैत्रिणीचा हात मी एकदमच धरला.

"नको! त्याचा उपास आहे!"

"कोंबड्याला उपास? आज कुठला वार?"

"वाराचा नाही. देवाचा आहे." आणि मग, का कोण जाणे, धाप लागलेली असताना मी सगळं सांगून टाकलं. नवस, तांदूळ, चटणी. "आमच्या घरी असलं सगळं असतं, बाई. मी खोटं सांगितलं होतं. आणि त्यानं टिपलं नाही तर माझी जाऊ त्या खडकावरून उठणार नाही."

बाईंनी गॉगल काढला. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले, अगदी साधे होते. त्यांनी डब्याला झाकण लावलं, बिस्किटं पिशवीत टाकली, आणि म्हणाल्या, "कुठल्या बाजूनं वळवायचंय त्याला?"

पुण्याच्या बाई कोंबड्यामागं कशा पळतात ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी मला पुढं ब्लाउजची कटोरी फुकट शिकवली, तेव्हा एवढं राखायला हवं.

नाखव्याची हाक आली. पाणी निघालं होतं. मी फौजदाराला पोटाशी धरून वडाखाली आणला, त्याला इतकी धाप लागली होती की आम्ही दोघं एकाच भात्यावर चाललोय असं वाटत होतं. आयनं तांदळाची रास पुन्हा केली. वयनी खडकावरून आली. कोणी बोलावलं नव्हतं. ती पानाच्या अगदी समोर बसली, पोराला मांडीवर घेतलं. पावन्यानं हात पुढं करून तांदळात घातला आणि मूठ भरली.

फौजदारानं त्याच्या मुठीकडं पाहिलं. बोटांच्या फटीतून एक दाणा बाहेर डोकावत होता. त्यानं तो टिपला.

मग दुसरा. मग पानावरचे, टकटक टकटक, मान वर न करता.

भुकेनं म्हणा, देवानं म्हणा. आय मोठ्यानं रडायलाच लागली. वयनी कोंबड्याकडं बघतच नव्हती. ती पोराच्या तोंडाकडं बघत होती, सरळ, आणि ते बघणं मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. आयनं वाकून पोराच्या कानात नाव सांगितलं. प्रभाकर.

परत

बेटावर शिजवायला वेळ उरला नव्हता, तोही माझ्यामुळं. देवाचं देवापाशीच खायचं असतं. आयनं दगडाला हात लावून सांगितलं, "पोरगी पेनची हाय, पदरान घे," आणि फौजदाराचा मान देवाला देऊन बाकीचा टोपलीत घेतला. होडीचा तळ खडकाला घासतच निघाला.

किनाऱ्यावर सुरूच्या बनात तीन दगडांची चूल मांडली. रिसॉर्टचे रंगीत दिवे लागायला लागले होते. मी एका झाडामागं जाऊन फौजदारासाठी रडले. मग हाक आली, जेवायला बसले. आता खरी लाजेची गोष्ट सांगते. तो फार चवदार झाला होता. मी डोळे पुसत दोन वाट्या रस्सा प्याले. आय बोटं चाटत म्हणाली, "कोंबरा ब्येस पोसलास गो."

वयनी त्या दिवसात पहिल्यांदा जेवत होती. मधेच तिनं हात धुतला, पोराला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे. ह्याला भरव. तुजा हात सैल हाय."

मी मऊ भात कुस्करून त्याला भरवत राहिले. मान वर करून तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

पुढं ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नाकार्यात सांगितली गेली. पाण्याची बाटली, मेलेला मामा, एका कामाला लावलेले तीन देव. मामा तर जिवंत असेपर्यंत स्वतःच सांगत. आणि सांगणारा कोणीही असो, आयच्या मेणबत्तीनंतर तो म्हणायचा, "आणि तेवढ्यात ही ओरडली, मी चारलंय!" वयनीचं वाक्य कोणी घेत नसे. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप सगळ्यांनी माझं ओरडणं एक पाऊल अलीकडं आणून तिच्यावर पांघरूण घातलं होतं. चांगलंच केलं. पण त्या पांघरुणात मी विनाकारण वेळेवर बोललेली सून झाले, आणि लोक हसून माझी पाठ थोपटायचे, "बिचारीनं लगेच कबूल केलं हो!" प्रत्येक थापेला मी तिथल्या तिथं एक बोट लहान होत असे.

गेल्या वर्षी पावन्याच्या मुलीचा साखरपुडा झाला, कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये. प्रभाकर हे नाव फक्त पत्रिकेवर, गाव अजून त्याला पावनाच म्हणतं. पोरांनी गोष्ट लावून धरली, ह्यांनी सांगायला घेतली. मेणबत्ती झाली. "आणि तेवढ्यात ही ओरडली..."

"नाय," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. वयनी. आता कंबरेत वाकलीय, पण आवाज तोच. "मदी माजा नंबर व्हता."

हे थांबले. मी म्हटलं, "वयनी, राहू द्या हो."

"कला ऱ्हावू दे? तुमी सगली मना गालून सांगता." आणि तिनं त्या भरल्या हॉलात, मुलाच्या, सुनेच्या, व्याह्यांच्या देखत, तेच वाक्य तसंच सांगितलं. आताच ने. मना सवय लावू नको.

पावना, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, तिच्या पायाशी उकिडवा बसला. "आये, देवानं तुजा आयकला नाय वाटतं."

"नाय ना आयकला," ती त्याच्या टकलावर हात ठेवून म्हणाली. "लागली सवय."

मग माझ्याकडं वळली. "आनी तू गो. तुला लिवाला येतंय ना? मंग लिव एकदा. पन नंबर बराबर लाव."

म्हणून लिहिलं. बाटली, मामा, मेणबत्ती, मग हिरा वयनी. तिच्यानंतर मी.